तीन सेंटिमीटर केस

माझे वडील वारले, असं मी कुणालाही सांगितलेलं नाही. मी फक्त टक्कल केलं. बाकीचं लोकांनी ठरवलं.

टक्कल उंब्रजला जाऊन केलं, कारण कराडमध्ये आमच्या ओळखीच्या एकाही सलूनवाल्यानं ते केलं नसतं. बाप हिंडता-फिरता असताना पोराच्या डोक्यावर वस्तरा फिरवायला कुणाचा हात धजत नाही. २०४३ साल उजाडलं, गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या, पण हे आहे तसंच आहे. उंब्रजचा माणूस अनोळखी होता. मी खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "सगळं काढा."

त्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि चालू असलेलं गाणं बंद केलं.

"कोण गेलं?"

"कुणी नाही. उवा झाल्यात."

"असू दे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "सांगवत नसतं."

आणि मी पुढं काही बोलायच्या आत त्यानं माझी मिशी उडवली. ती मिशी यायला अठरा वर्षं लागली होती. जायला दोन सेकंद. बाप गेल्यावर मिशीही काढतात, हे मला त्या दोन सेकंदांत आठवलं.

कारण सांगतो. साताऱ्याच्या वर पठारावर पवनचक्कीचे तंत्रज्ञ घडवणारं एक केंद्र आहे. लहानपणी मला वाटायचं, वारा ह्या पंख्यांमुळंच येतो. पुढं खरं कळलं, पण तोवर उशीर झाला होता, मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. चाळीस जागांत माझा नंबर नववा होता. राहिली होती फक्त केसांची तपासणी, आणि त्यात माझी तारीख तीन आठवड्यांवर होती.

खांबाच्या टोकाला, एकशे साठ मीटरवर, एसटीएवढी एक खोली असते. आत गिअर, तेल, विजेच्या तारा. एकदा वर गेलं की सहा तास खाली येता येत नाही, आणि काडी पेटवायचा तर विषयच नाही. ज्याला सिगारेटची सवय आहे त्याचं लक्ष तिसऱ्या तासाला पान्यावरून उडतं, हात थरथरायला लागतात. अशी दोन माणसं पडल्यावर केंद्रानं केसवाचक आणला.

हे यंत्र फार साधं आहे, म्हणूनच भयंकर आहे. केसाच्या मुळाला कच्चा माल रक्तातून येतो. रक्तात जे असेल ते केसात विणलं जातं आणि तिथंच अडकून बसतं. केस दिवसाला एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. म्हणजे तीन सेंटिमीटर केस ही नव्वद दिवसांची रोजनिशी झाली, तीही आपण न लिहिलेली. यंत्र पाच केस घेतं, धुतं, म्हणजे दुसऱ्याचा बाहेरून बसलेला धूर निघून जातो, आणि मग मुळापासून टोकापर्यंत लेसरनं टोचत जातं. आत गेलेल्या निकोटिनचं यकृत कोटिनिन नावाचं दुसरं रसायन करतं. ते विणीत भरपूर सापडलं की "मी नुसता शेजारी उभा होतो" हे चालत नाही. ज्या दिवशी ओढली त्या दिवशी कागदावर काळी रेघ. माझा कागद छापायला घेतला असता तर शाई संपली असती.

खरं म्हणजे आमच्या पिढीला तंबाखू विकतच नाहीत. २०२२ नंतर जन्मलेल्याला सिगारेट विकली तर दुकानाला टाळं लागतं. त्यामुळं आम्ही ती घरातून घेतो. पप्पांनी मी चौथीत असताना सिगारेट सोडली होती. सोडलेली सिगारेट ते गच्चीवर, जुन्या इन्व्हर्टरच्या रिकाम्या खोक्यात ठेवायचे.

सोळाव्या वर्षी, पाण्याच्या टाकीमागं, मी आणि शेजारची केतकी अशा दोघांनी मिळून एक ओढली. एकाच सिगारेटचे आळीपाळीनं झुरके. केतकीला ठसका लागला, चक्कर आली, ती आईच्या गवती चहाच्या कुंडीत ओकली, आणि "लोक हे पैसे देऊन घेतात?" असं विचारून जिना उतरली. तिचा विषय संपला. चक्कर मलाही आली. पण मला ती बरी वाटली.

मेंदूचं काय होतं ते मी नंतर वाचलं. नंतरच वाचतात. मेंदूच्या पेशींवर खुर्च्या असतात असं समजा, शरीराच्या स्वतःच्या एका रसायनासाठी मांडलेल्या. निकोटिन हुबेहूब त्याच्यासारखं दिसतं आणि बिनबोलावता येऊन बसतं. पन्नाशीचा मेंदू म्हणतो, बसा, आहे तेवढ्यात बसा. सोळा वर्षांचा मेंदू अजून बांधकामात असतो, त्याला वाटतं आपल्याकडं लग्नच निघालं, आणि तो आणखी खुर्च्या मांडायला घेतो. पाहुणे उठून गेले की त्या सगळ्या रिकाम्या खुर्च्या एकदम ओरडायला लागतात. कुणाच्या मेंदूनं किती खुर्च्या मांडायच्या हे बरंचसं जन्मतःच ठरलेलं असतं. केतकीच्या मांडवात कुणी आलंच नाही. माझ्याकडं पंगती उठल्या. मला वाटत होतं सवय लागायला वर्षं लागतात. मला चार आठवडे लागले.

तर माझा हिशेब असा होता. केसच नसतील तर तपासणी पुढं जाईल, केस वाढेपर्यंत मी सोडेन. धोका नको म्हणून हातांवरचे केसही आईच्या क्रीमनं काढले. घरी सांगितलं उवा. आईनं त्या दिवसापासून स्वतःच्या डोक्याला उवांचं औषध लावायला सुरुवात केली. पप्पा काही बोलले नाहीत. ते पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक आहेत, बोलणं हे त्यांच्या कामात येत नाही. फक्त खोकले.

तारीख पुढं ढकलून घ्यायला केंद्रावर गेलो, तर फाटकाशी पाटी होती. ती मी टक्कल घेऊन वाचली. *नियम १७ : तपासणीपूर्वी साठ दिवसांत मुंडण केलेल्या उमेदवाराचा अर्ज बाद समजण्यात येईल. अपवाद : आई-वडिलांचा मृत्यू. टीप : हातापायांचे केस ग्राह्य नाहीत.*

मी ती पाटी चार वेळा वाचली. परत फिरावं म्हणून वळलो, तेवढ्यात खिडकीतून हाक आली.

"अरे बाळा! उन्हात कशाला उभा? ये इकडं."

खिडकीत खटावकर मॅडम होत्या. प्रवेशाचं सगळं त्याच बघतात. त्यांनी माझं डोकं पाहिलं. मिशीची जागा पाहिली. मग हात पाहिले. दुःखात माणूस हातावरचेही केस काढतो हे त्यांना नवीन असावं, पण त्यांनी त्याचाही मान ठेवला.

"वडील?"

इथं मी बोलायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. मी मान हलवली. किती हलवली? दीड सेंटिमीटर. त्यांनी डोळ्याला पदर लावला, अर्जातल्या पप्पांच्या 'रणजित पिसाळ' या नावापुढं 'मृत' लिहिलं आणि शिक्का मारला.

"घाई नाही हं. नव्वद दिवसांनी केस तपासू. मृत्यूचा दाखला तेव्हा घेऊन ये."

बसमधून केतकीला फोन केला. तिनंही तिथंच अर्ज केला होता आणि तिचे केस आदल्याच दिवशी तपासून झाले होते. कागद कोरा, जागा पक्की.

"म्हणजे तू काकांना मारलंस," ती म्हणाली.

"मी नुसती मान हलवली."

"आणि नव्वद दिवसांनी दाखला कुठून आणणार, येड्या? त्याला एकच उपाय आहे माहितीये ना?"

हा विनोद होता. मी हसलोही. पण घरी गेलो तेव्हा पप्पा व्हरांड्यात खोकत होते, आणि मला पहिल्यांदाच तो खोकला नीट ऐकू आला. खालून, खोलातून येत होता. त्या दिवसापासून ते खोकले की मी हातातलं टाकून ऐकत बसायचो. मी सरकारी कागदावर माणूस मारला होता आणि आता तो माणूस कागदाचं ऐकतोय की काय, असं मला वाटायला लागलं. मग गच्चीवर जायचो. खोक्यातून एक घ्यायचो. भीती वाटली म्हणून ओढायची आणि ओढली म्हणून भ्यायचं, असे दहा दिवस गेले.

अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी दहाला बेल वाजली. दार पप्पांनी उघडलं. मी मागं, स्वयंपाकघराच्या दारात.

दारात खटावकर मॅडम. पांढरी साडी, हातात काही नाही. भेटायला जाताना माणसं जसा चेहरा करतात तसा चेहरा.

"निहारचं घर ना? मी केंद्रातून आले. इकडं नणंदेकडं आले होते, म्हटलं तेरावा व्हायच्या आत भेटून जावं. रणजितराव गेले, फार वाईट झालं हो."

कालव्याच्या कामात एक पद्धत आहे. पाणी अंगावर आलं की आधी कालव्याचा दरवाजा खाली सोडायचा, चौकशी मागून. पप्पांनी सव्वीस वर्षं हेच केलंय. त्यांनी वळून माझ्या डोक्याकडं पाहिलं. दहा दिवस ते या डोक्याकडं बघत होते आणि त्यांचा उवांवर विश्वास होता. तो विश्वास माझ्यासमोर गेला.

"या," पप्पा म्हणाले. "बसा. मी धाकटा भाऊ त्यांचा. धनाजी."

मला धनाजी नावाचा काका नाही. मला काकाच नाही.

मॅडम बसल्या. भिंतीवर आमचा तिघांचा महाबळेश्वरचा फोटो आहे. "हेच का?"

"हेच."

"चेहरा अगदी तुमचाच."

"लहानपणापासून म्हणतात."

"हार नाही घातलात?"

"दादाला आवडायचं नाही."

मॅडमची नजर पप्पांच्या मिशीवर गेली. आमच्या पप्पांची मिशी ही बघायचीच गोष्ट आहे. "मिशी ठेवलीत?"

"दादाच म्हणून गेला. माझ्यामागं मिशी काढू नकोस म्हणाला."

मला वाटलं आता संपलं. पण मॅडमनी पुढं वाकून तो प्रश्न विचारला, जो अशा वेळी विचारतातच.

"झालं काय होतं?"

पप्पांनी फोटोकडं पाहिलं. हार्ट म्हणतील, अपघात म्हणतील, असं मला वाटत होतं.

"सिगारेट," ते म्हणाले.

"एकदम?"

"नाही. सदतीस वर्षं लागली."

आणि पप्पा बोलायला लागले. माझ्या आठवणीत इतकं ते कधी बोललेले नाहीत. बहुधा स्वतःबद्दल बोलायचं नव्हतं म्हणून जमलं असावं.

"अकरावीत होता दादा. ओगलेवाडीच्या स्टेशनमागं चौघांनी मिळून एक ओढली. तिघांना मळमळलं. ह्यालाही चक्कर आली, पण ह्याला बरं वाटलं. तो नेहमी म्हणायचा, ज्याला पहिलीच बरी वाटते त्यानं तिथून पळत सुटावं. पण तेव्हा शेजारी सांगायला कोण होतं? सगळे सोळा वर्षांचे."

मी दाराची चौकट धरली.

"पोरगा चौथीत असताना सोडली म्हणाला. सोडली नव्हती. गच्चीवर लपवायचा. बरं, गेली दोन वर्षं पाकीट लवकर संपायला लागलं. त्याला वाटलं, आपण न कळत ओढतोय. ओढतो आणि विसरतो. घाबरला. कुणाला न सांगता पुण्याला जाऊन मेंदूचा फोटो काढून आला." पप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "डोकं ठीक होतं त्याचं. आता कळलं."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. पप्पांच्याही. कुणासाठी ते माहीत नाही.

तेवढ्यात आई आली. गच्चीवरून कपडे काढून, गजरा, मंगळसूत्र, ठसठशीत कुंकू. "अहो, कोण आलंय?"

"वहिनी," पप्पा म्हणाले, "जरा पाणी आणा."

आईच्या लग्नाला बावीस वर्षं झालीत. तिनं पप्पांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मॅडमनी उठून तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"बरं केलंत. कुंकू ठेवलंत. गजराही. आता कुणी पाळत नाही, पाळूही नये."

"हो ना," आई म्हणाली. नीट बोलणाऱ्या माणसाला ती कधीच नाही म्हणत नाही. आणि आत जाऊन पाण्याबरोबर रविवारचा शिरा घेऊन आली. केशर घालून. सुतकाच्या घरात गोड बघून मॅडमचा हात थांबला.

"दादाला फार आवडायचा," पप्पा घाईनं म्हणाले.

"आवडतो की," आई म्हणाली.

मॅडमनी दोन घास खाल्ले आणि त्या उठल्या. भेटायला गेलेलं माणूस निघताना 'येते' म्हणत नाही. त्या नुसत्या मान हलवून पायऱ्या उतरल्या. आई दारातून ओरडली, "या हं परत!"

मॅडम फाटकात जागच्या जागी थिजल्या. मग झपाझप चालायला लागल्या.

दार लागल्यावर मी सगळं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि उरलेला शिरा झाकून ठेवला. आमच्याकडं हे फार गंभीर लक्षण असतं.

"दोघंही चोर," ती म्हणाली. "एक लपवतोय, एक चोरतोय, आणि मी औषध लावतेय डोक्याला! आणि तुम्ही हो? मेलेलेच आहात तर फुप्फुसं तरी तपासून घ्या."

पप्पा गच्चीवर गेले. खोकं घेऊन खाली आले आणि आईच्या पुढ्यात ठेवलं.

"नव्वद दिवस," ते मला म्हणाले. "तू आणि मी. मग मी तुझ्याबरोबर येतो. त्या बाईंना खरं सांगायचं आणि दोघांचेही केस द्यायचे. पुढं त्यांची मर्जी."

पहिला आठवडा मी चावायला काही मिळेल ते चावलं. पप्पांनी कालव्याचे जुने नकाशे काढून रंगवायला घेतले. एकमेकांशी आम्ही फक्त आकडे बोलायचो. "नऊ." "हं, नऊ." चिडचिड इतकी की एकदा रिमोटवरून आम्ही भांडलो, आणि टीव्ही बंद होता. वीस दिवसांनंतर खुर्च्यांचा आरडाओरडा जरा उतरला. डोक्यावर खुंट आले, मग मखमल.

चाळिसाव्या दिवशी पप्पांच्या छातीचा फोटो काढला. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळणार होता. तो सबंध एक्केचाळिसावा दिवस घरात कुणी मोठ्यानं श्वास घेतला नाही. दुपारी मी दूध आणायला म्हणून गेलो आणि दूध न घेता आलो. पप्पा कालव्यावरच्या पंपाचा आवाज बघायला म्हणून गेले होते. संध्याकाळी रिपोर्ट आला. उजव्या बाजूला एक ठिपका. लहान. काही असेल, काही नसेल, जानेवारीत परत बघू, असं डॉक्टर म्हणाले. आई म्हणाली, नसेल.

नव्वदाव्या दिवसानंतरच्या सोमवारी आम्ही दोघं त्या खिडकीत उभे राहिलो. खटावकर मॅडम हसल्या.

"या धनाजीराव. दाखला आणलात?"

"मॅडम," मी म्हणालो, "हे माझे वडील."

त्यांना समजायला वेळ लागला. मग समजलं. चेहरा लाल झाला.

"मी रडले होते तुमच्या घरी."

"मीही," पप्पा म्हणाले.

मी सगळं सांगितलं. खोक्यापासून मान हलवण्यापर्यंत. मॅडमनी नियमांचं पुस्तक काढलं, मागंपुढं चाळलं.

"मयत व्यक्ती हजर झाल्यास काय करायचं, ते यात दिलेलं नाही," त्या कोरडेपणानं म्हणाल्या. मग पुस्तक मिटलं. "केस द्या."

"माझेही," पप्पा म्हणाले.

"तुम्ही उमेदवार नाही."

"तरी बघा."

यंत्राचा आवाज शिलाई मशीनसारखा येतो. आधी माझा कागद आला. पांढरा. पांढरा. हातभर पांढरा. आपल्याला जे माहीत आहे ते यंत्राला कदाचित दिसलं नसेल, असं वाटायला लागतं. मग मध्ये एक बारीक, काळीकुळकुळीत रेघ. मॅडमनी पट्टी लावून मोजलं.

"एक्केचाळिसावा दिवस."

पप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते दुसऱ्या कागदाकडं बघत होते. तो यंत्रातून हळूहळू बाहेर येत होता. त्यांचा. पांढरा, पांढरा, आणि मध्ये एक रेघ. मॅडमनी पट्टी उचलली, पण मोजायची गरज नव्हती. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर रेघ सलग दिसत होती.

"तुला कुठून मिळाली?" पप्पांनी विचारलं.

"दूधवाल्याकडनं. तुम्हाला?"

"पंपवाल्याकडनं."

खटावकर मॅडमनी दोन्ही कागदांकडं पाहिलं, मग आमच्या दोघांकडं. "एक रेघ ही रेघच असते," त्या म्हणाल्या. "ही तुकडी गेली तुझी. जानेवारीत दुसरी आहे. परत तीन सेंटिमीटर लागतील. कोरे." मग त्यांनी माझा अर्ज ओढला, 'मृत' या शब्दावर पट्टी धरून आडवी रेघ मारली, वर 'हयात' लिहिलं, आणि सरकारी पद्धतीनं खाडाखोडीपाशी सही करून तारीख घातली. "हे मात्र मला परत खोडायला लावू नका," त्या पप्पांना म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये खिडकीतून पंखे दिसत होते. मी मान वळवून शेवटचा दिसेनासा होईपर्यंत बघितलं. जानेवारीत तुकडी होती. जानेवारीतच ठिपका होता. पप्पा एकदा खोकले आणि आम्ही दोघंही समोर बघत राहिलो.

"उंब्रजला उतरू," ते अचानक म्हणाले. "ती रेघ डोक्यावर घेऊन हिंडायची नाही मला. तुलाही नको. मुळापासून मोजू."

सलूनवाल्यानं मला ओळखलं. मागच्या खेपेसारखंच गाणं बंद केलं.

"पोरा, परत? आता कोण गेलं रे?"

मी काही बोलायच्या आत पप्पा शेजारच्या खुर्चीत बसले, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "दोघांचं काढा."

त्यानं निमूटपणे मशीन फिरवलं. आधी माझं, मग त्यांचं. आमचे केस फरशीवर एकत्र पडले, त्यात काळी रेघ कुठं होती ते काही दिसत नव्हतं. मग त्यानं वस्तरा पुसला आणि सवयीनं पप्पांच्या ओठाकडं नेला.

पप्पांनी मिशीवर हात ठेवला.

"मिशी राहू द्या," ते म्हणाले. "कुणी गेलेलं नाही."